चंद्रावर फूल कोण फळवणार

राजूरच्या गणपतीचा कळस मागे दिसेनासा झाला की टाकळखेडीचं शिवार लागतं. एका अंगाला काळी कसदार जमीन, दुसऱ्या अंगाला मुरमाची टेकडी, आणि मधल्या पट्ट्यात भेंडीचे सीड प्लॉट. ही भाजीची भेंडी नव्हे, बियाण्याची. तिची झाडं माणसाच्या डोक्यावर जातात. श्रावण-भादव्यात सकाळचं ऊन वर आलं की ती अशी फुलतात, की बांधावरून चाललेल्या माणसानं पाऊल थांबवावं. पिवळंधम्मक फूल, आणि आत तळाशी काळाजांभळा डोळा. दुपारी ते मिटतं. पुन्हा उघडत नाही.

त्या उंच झाडांमधून एक आवाज येतो. बाई दिसत नाही, नुसता आवाज. तो वर चढत नाही, खाली पडत नाही. पाटाचं पाणी सरीतून पुढं पुढं जावं तसा तो ओळीतून जातो, आणि तो जिथवर पोचतो तिथवरच्या बाया गप्प होऊन काम करतात.

तो आवाज दैवशालेचा.

दैवशालेचं माहेर अंबडच्या बाजूचं. शाळा सातवीपर्यंत. टाकळखेडीला नांदायला आली तेव्हा डोक्यावरचा पदर नाकापर्यंत होता. सासरा समोर, चुलत सासरे समोर, दीर समोर. आमच्याकडे नव्या सुनेनं मोठ्यांच्या तोंडासमोर बोलायचं नसतं. दैवशालेनं ते इतकं पाळलं की पुढं पदर मागं सरला, सासरा गेला, घरात तिचाच शब्द चालू लागला, तरी समोर चार तोंडं दिसली की तिची जीभ टाळूला चिकटायची. बाजारात भाव करायला ती कामावरच्या गोजरबाईला पुढं करायची. मुलीच्या शाळेत पालकांची सभा असली की मागच्या बाकावर बसून मान हलवून यायची.

पण भेंडीत तोंडं दिसत नाहीत.

प्लॉटमध्ये ओळी असतात. नराच्या वेगळ्या, मादीच्या वेगळ्या. दुपारून बाया मादीच्या ओळीत शिरतात. अंगात नवऱ्याचा जुना शर्ट, कारण भेंडीची लव अंगाला खाजते. उद्या उमलणारी कळी ओळखायची, नखानं अलगद सोलायची, आतला पिवळा नर काढून टाकायचा आणि मधली नाजूक काडी तेवढी उभी ठेवायची. वरून लाल कागदाची टोपी. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी काढायची, नराचं उमललेलं फूल त्या काडीवर टेकवायचं, पिवळी भुकटी लावायची, टोपी परत घालायची, देठाला दोरा बांधायचा. झालं. याला बाया क्रॉसिंग म्हणतात. हात झाडात, नजर कळीवर, पाठ जगाकडे. दैवशालेची जीभ सुटली ती इथं.

पहिल्यांदा ती बोलली तेव्हा बायांना वाटलं, कुणी नवीनच बाई कामाला आली आहे.

तिच्या बोलण्याचा माल कुठून यायचा, तेही सांगतो. मुलगी प्रिया भोकरदनला कॉलेजात शिकायची. तिनं आईच्या मोबाईलवर भाषणं भरून दिली. गाणी नाही, कीर्तन नाही, भाषणं. कुणी डोंगर चढून आलेला, कुणी माणसाच्या मेंदूचा अभ्यास केलेला, कुणी वाळवंटात पाणी करणारा, कुणी पाय नसून धावणारा. मराठी असायची, हिंदी असायची. संध्याकाळी दैवशाला भाकरी थापायची आणि चुलीच्या ओट्यावर मोबाईल बोलत राहायचा. सकाळी तेच सगळं तिच्या तोंडून ओळीत यायचं. पण तेच यायचं नाही. रात्रभर भिजून, मोड येऊन यायचं.

बाया तिला रेडिओ म्हणत.

"आज काय हाय गं रेडिओवर?" पलीकडच्या ओळीतून गोजरबाई विचारायची. गोजरबाई वयानं मोठी, दैवशाला तिला मावशी म्हणायची. जिभेला धार अशी, की गावचा सरपंचही तिच्या दारावरून जरा जल्दीच जायचा.

"चंद्र हाय, मावशी."

"त्यो तर रोजच हाय."

"तिथं मानसं राह्यला जानारेत. घरं बांधून."

"कोन जानार? इथं राजूरला जायला टेम्पोत जागा न्हाई."

बाया हसल्या. दैवशाला थांबली नाही. "जातील. आज न्हाई, पर जातील. आता मला सांगा, तिथं खातील काय?"

"डबा नेतील."

"डबा किती पुरंल? पेरावंच लागंल. काचंचं घर करतील, आत माती, आत पानी. येल चढंल, फूल येईल. पर फळ कसं धरंल? तिथं वारा न्हाई. मधमाशी न्हाई, फुलपाखरू न्हाई. ह्या फुलाचं त्या फुलाला कोन नेऊन लावंल?"

लाल टोप्या घालणारे हात जागच्या जागी थांबले.

"बाईच लागंल," दैवशाला म्हणाली. "जिच्या दोन बोटांत असं फूल धरायची कला हाय, अशी बाई. आपल्यातली."

मग गोजरबाई म्हणाली, "मी न्हाई जानार. माझ्या म्हशीचं कोन करंल."

हसण्यानं प्लॉट भरून गेला. पण दिवस कलताना घरी निघाल्यावर टेकडीच्या माथ्यावर फिकट चंद्र दिसला, तेव्हा गोजरबाई वाटेत उभी राहिली. आयुष्यभर तिनं चतुर्थीला त्याची वाट पाहिली होती. आज तिनं त्याच्याकडे जागा बघायला आलेल्या माणसासारखं पाहिलं, आणि डोक्यावरचा पदर नीट केला.

अशी माणसाला उंच करणारी बोलणी ती वर्षानुवर्षं बोलली. मग एका वर्षी तिनं स्वतःचीच एक गोष्ट काढली.

तिच्या परसात एक भेंडी होती. काटेरी, गावरान. तिच्या आईनं माहेराहून निघताना पदराच्या गाठीत तिचं बी बांधून दिलं होतं. चव अशी, की जावई माणूस भाकरी मागून घ्यायचा. पण फळं थोडी, काटे फार, म्हणून आता कुणी लावत नाही. ज्या साली पावसानं पाठ फिरवली आणि प्लॉटमधली भेंडी माना टाकून बसली, त्या साली ही मोरीच्या सांडपाण्यावरही नव्हे, नुसत्या दवावर उभी होती. वर फुललेली.

"ही आन् प्लॉटची," दैवशाला ओळीत म्हणाली, "दोघींची सोयरीक केली तर? हिचा दम, तिचा माल. मंग त्या बियातून निवडायचं. पुन्हा पेरायचं, पुन्हा निवडायचं. आपन दुसऱ्याची बियानी किती वर्सं करून राह्यलो. आपलं एक वाण का करू न्हाई? थोड्या पान्यावर येनारं. आन् ज्याचं बी बाईनं गाडग्यात ठेवावं, पुढच्या साली पेरावं, तरी तसंच उगवावं असं."

"किती वर्सं लागतील?" गोजरबाईनं विचारलं. आवाजात चेष्टा नव्हती.

"सात-आठ पिढ्या. झाडाच्या. वर्सांचं म्हनशील तर तेवढीच."

"मी असंल का गं तवा?"

"तू नसली तर तू निवडलेलं झाड असंल की, मावशी."

त्या दिवसापासून बायांना दुसरं काही सुचेना. पण अशा कामाला जमीन लागते, आणि तीही एकटी, आजूबाजूला दुसरी भेंडी नसलेली. नाहीतर वाऱ्यावर, माशीवर कुठलीही भुकटी येते आणि सोयरीक बिघडते. तशी जागा शिवारात एकच होती. टेकडीच्या पलीकडचा विहिरीचा तुकडा. तो रतनलाल शेठजींचा.

रतनलाल शेठजींचं घराणं राजस्थानातून आलेलं, पण भोकरदनच्या बाजारात त्यांच्या किती पिढ्या गेल्या ते तेही सांगत नाहीत. बियाण्याचा व्यापार. टाकळखेडीचे प्लॉट त्यांच्याचसाठी पिकतात. त्यांचा नातू रजत शेतीचं शिकून पुण्याहून परत आलेला. एका सकाळी तो प्लॉट बघायला आला, ओळीतून चंद्राचं, वाणाचं सगळं ऐकलं आणि बूट चिखलात रुतले तरी तिथंच उभा राहिला. "दैवशालाताई, हे आजोबांना सांगा," तो म्हणाला. आणि दैवशालेला नि गोजरबाईला तो गाडीत घालून दुकानात घेऊन गेला.

दुकानात दैवशालेची जीभ टाळूला चिकटली. गोजरबाईनंच सांगितलं, उरलेलं रजतनं.

शेठजींनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे बी घरचंच ठेवायचं, घरचंच पेरायचं. मंग माझ्या दुकानात कोण येईल, गोजरबाई?"

"आमी येऊ की. चहा प्यायला."

शेठजींच्या ओठाची एक कड हलली. मग ते दैवशालेकडे वळले. "बाई, कल्पना तुमची आहे ना? मला एकट्याला कानात सांगू नका. जालन्यात पोरांनी ती ओसरी चालू केली, तिथं चारचौघांत सांगा. लोकांपुढं बोललेलं मोडता येत न्हाई. तुम्हाला बी, आन् मला बी. तिथं बोललात तर विहिरीचा तुकडा तुमचा, वाण होईपर्यंत."

'उद्याची ओसरी' हे जालन्यातल्या तरुण पोरापोरींनी सुरू केलेल्या कार्यक्रमाचं नाव. एक सभागृह, एक माईक. पुढं काय करता येईल यावर ज्याच्याजवळ नवं काही आहे, त्यानं येऊन बोलायचं.

घरी आल्यावर दैवशालेचा नवरा अंगद म्हणाला, "मला सांगून बघ. मी सभा." तो दुधाचा टेम्पो चालवायचा, माणूस हसरा. तो बाजेवर मांडी घालून बसला. दैवशाला समोर उभी राहिली. तिनं त्याच्याकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं, परत त्याच्याकडे पाहिलं.

"बोल की. शेतात तर बंद होत न्हाईस म्हने."

"शेतात तोंडं नसतेत."

"मंग मी तोंड फिरवतो." त्यानं खरोखर भिंतीकडे तोंड केलं. तरी तिला बोलणं आलं नाही, कारण त्याचे खांदे हसण्यानं हलत होते.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी अंगदनं टेम्पो धुतला, आणि क्रॉसिंगच्या बाया इस्त्रीच्या साड्या नेसून त्यात बसून जालन्याला गेल्या. सभागृहात आधी इतरांची बोलणी झाली, आणि दैवशाला आपली भीती विसरून ऐकत राहिली. एका डॉक्टरांनी हात तुटलेल्या माणसाला बसवायच्या हाताबद्दल सांगितलं. नुसतं मनात आणलं की त्या हाताची बोटं मिटतात, असा हात. भोकरदनकडची आकांक्षा नावाची मुलगी बोलली. तिला समुद्राच्या तळाचा अभ्यास करायचा होता. "मी अजून समुद्र पाहिलेला नाही," ती म्हणाली, "पण आपली ही काळी माती लाव्हाच्या दगडाची झाली आहे, आणि समुद्राच्या तळाशी अजून तसाच दगड निघतो आहे. म्हणजे मी आपल्या शेताचं माहेर बघायला जाणार आहे." दैवशाला पुढं सरकून बसली. ही एवढीशी पोर, आणि केवढा तिचा पल्ला.

मग तिचं नाव पुकारलं गेलं.

स्टेजवर कुणीतरी तिच्या हातात पुष्पगुच्छ दिला. गुलाबाच्या कळ्या, भोवती चकचकीत कागद. समोर दिवा, दिव्याच्या मागं तोंडंच तोंडं. पहिल्या रांगेत शेठजी, शेजारी त्यांच्या पत्नी इचरजबाई. दैवशालेनं तोंड उघडलं. आत काही नव्हतं. चंद्र नव्हता, वाण नव्हतं, आईची गाठ नव्हती. तिला नाकापर्यंतचा तो जुना पदर जाणवला, नसलेला.

ती किती वेळ उभी होती कोण जाणे. कुठून तरी हसू आलं, मग दुसरीकडून. वाईट हसू नव्हतं ते, पण हसू होतं. लोक तिच्या हातांकडे बघत होते. तिनंही खाली पाहिलं. तिच्या बोटांनी तिला न विचारता काम सुरू केलं होतं. गुच्छातल्या कळ्या ती सोलत होती. पाकळ्या पायाशी पडल्या होत्या, आणि एकेका दांडीवर उघडा मधला भाग तेवढा उभा होता. पुढच्या कळीला तिचं नख लागलेलंच होतं.

"फुलं खराब झाली," ती माईकमध्ये म्हणाली. तेवढंच. आणि खाली उतरून सरळ बाहेर गेली.

बाहेरच्या बोळात पाण्याच्या टाकीजवळ ती पायरीवर बसली. विहिरीचा तुकडा गेला होता. त्याचं तिला तितकं नव्हतं. टेम्पोत बसून आलेल्या बायांना आता तोंड कसं दाखवायचं, हे होतं. गोजरबाई येऊन शेजारी टेकली. काही टोमणा मारील असं वाटलं, पण तिनं नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला.

काठी टेकत इचरजबाई बोळात आल्या. दोघी उठू लागल्या तर त्यांनी हातानंच बसवलं आणि स्वतःही पायरीवर बसल्या.

"गुलाब तू सोलले?"

"व्हय, शेठाणीबाई. चुकी झाली."

"दाखव हात." त्यांनी दैवशालेची बोटं आपल्या हातात घेऊन उलटीपालटी केली. मग म्हणाल्या, "मी लग्न होऊन आले तवा हा एवढा घुंगट. पापड लाटायला बसलो की मी गाणं म्हणायचे. आमच्या गल्लीतले लोक दुकानाची फळी अर्धी लावून ऐकायचे. मंग एकदा समाजाच्या कार्यक्रमात मला स्टेजवर उभं केलं. आवाजच आला न्हाई. बिलकुल न्हाई. हात रिकामे होते ना."

"मंग?"

"मंग काय. लोक म्हणाले, इचरजला गाणं येत न्हाई. मला बी तसंच वाटलं. पापड लाटताना बी बंद झालं." "त्या वक्ताला कुणाच्या ध्यानात आलं न्हाई, की हिला पोळपाट द्यावा."

रजत आजीला शोधत बाहेर आला. इचरजबाईंनी त्याच्याकडे वर पाहिलं. "रजत, परवा सकाळी शेतात ओसरी आहे. आत जाऊन सांग. ज्याला ऐकायचं त्यानं यावं. आन् उद्या या बायांना एक ओळ मोकळी सोड, त्यांना लागंल ते करू दे."

"दादी, आजोबा—"

"त्यांना मी आणते."

दुसऱ्या दिवशी दुपारून बायांनी ती एक ओळ सोलली आणि लाल टोप्या घातल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी दैवशालेनं परसातल्या काटेरी भेंडीची उमललेली फुलं स्टीलच्या डब्यात भरली, वरून ओलं फडकं टाकलं आणि शेताची वाट धरली. तिला वाटलं होतं, चार माणसं येतील. बांधापलीकडे जीपा उभ्या होत्या, मोटारसायकली उभ्या होत्या. डॉक्टर होते, आकांक्षा होती, सभागृहात हसलेली पोरं होती.

गोजरबाई सरीच्या तोंडाशी उभी होती. "मोबाईल खिशात घाला. मोकळ्या हातानं कुनी आत यायचं न्हाई. डब्यातलं एकेक फूल घ्या. असं. देठाला धरा, त्याच्या गालाला हात लावू नका."

"जोर लावायचा का?" डॉक्टरांनी विचारलं.

"लेकराच्या डोळ्यात काजळ घालता का न्हाई? तेवढा."

शेठजी धोतराचा सोगा सावरत आले. "मी बी?"

"तुमी बी. जलमभर बी इकलं, एकदा करून बघा कसं होतंय."

इचरजबाईंनी आपणहून फूल घेतलं आणि सगळ्यांच्या आधी ओळीत शिरल्या. माणसं त्यांच्या मागून गेली. झाडांनी एकेकाला आत घेतलं. थोड्या वेळानं बांधावरून पाहणाऱ्याला नुसती हलणारी पानं दिसत होती.

दैवशाला सगळ्यांच्या पुढं, ओळीच्या टोकाला होती. तिनं पाठ केली. एक टोपी काढली, फूल टेकवलं, टोपी परत घातली, पिवळा दोरा बांधला. मग तिचा आवाज आला.

"तुमच्या हातातलं फूल माझ्या आईच्या दारचं हाय. अंबडच्या बाजूचं. त्याला पानी नको, कौतुक नको. दुष्काळात उभं राह्यलेलं फूल हाय ते. आन् तुमच्या म्होरं जी काडी हाय, ती प्लॉटच्या भेंडीची. तिला लाड पाहिजेत, पर ती देती बी भरभरून. ही दोघं कधी भेटलेली न्हाईत. ही धरती झाल्यापून न्हाई. इतकी पाखरं उडाली, इतक्या माश्या फिरल्या, इतकं वारं वाहिलं, पर ह्याला तिच्यापाशी कुनी आनलं न्हाई. आज तुमी आनलंय. हात थरथरत असंल तर थरथरू द्या. माझा बी पहिल्या बारीला थरथरलाय."

कुठल्याशा झाडामागून लांब श्वास ऐकू आला.

"आता फूल टेकवा. टेकवलं? आता त्या काडीच्या आत काय चाललंय ते दिसनार न्हाई. पर चाललंय. पिवळ्या धुळीचा एक कन खाली उतरून राह्यलाय, अंधारात, वाट ठाऊक नसताना. त्याला कुनी शिकवलं न्हाई. तो पोचला की आत एक बी धरंल, आन् त्या बियात जे झाड असंल, ते ह्या जगात ह्याच्या आधी कधीच नव्हतं. देवानं झाडं केली, मी न्हाई म्हनत न्हाई. पर हे एक त्यानं आपल्यावर सोडलं.

"मी ऐकलंय, मानूस चंद्रावर राह्यला जानार. मनानं हालनारा हात बी झालाय. एक पोरगी समुद्राच्या तळाला चाललीय. लोक म्हन्तात, हे मोठ्या मानसांचं काम. मी म्हन्ते, मोठं कोन? ज्याला आपल्या मरनाच्या पलीकडचं दिसतं, तो मोठा. आमचं वाण सात-आठ वर्सांनी होईल. आमच्यातल्या काही जनी तवा नसतील. त्यांना हे ठाऊक हाय. तरी काल दुपारी त्यांनी ही कळी सोललीय. ती भेंडी त्या खानार न्हाईत, तरी सोललीय. आता सांगा, ह्या बायांना चंद्र किती लांब हाय?"

तिनं आणखी एक दोरा बांधला. वाऱ्याची झुळूक आली आणि सगळी ओळ एकदम हलली, इकडून तिकडं, जसं काही कुणीतरी तिच्यावरून हात फिरवला. पलीकडच्या नराच्या ओळींतली शेकडो पिवळी फुलं एकाच दिशेला वळली आणि परत आली.

मग मधूनच कुठून तरी शेठजींचा आवाज आला. ते दिसत नव्हते.

"दैवशालाबाई. लोक घरचंच बी पेरायला लागले, तर माझ्या धंद्याचं काय?"

समोर तोंड असतं तर तिला उत्तर आलं नसतं. तिनं पुढची टोपी काढली. "शेठजी, लोकांला जे हाय ते पुरत न्हाई. एक झालं की दुसरं मागतेत. आपन नवं करत राहू. ज्याला नवं करता येतंय त्याचं दुकान कसं बंद पडंल?"

पानांमागं शेठजींनी घसा खाकरला.

"विहिरीचा तुकडा घ्या," आवाज आला. "पर वाण झालं की पहिली मूठ मला. विकायला न्हाई. घरात ठेवायला."

"घ्या की," दुसऱ्या ओळीतून गोजरबाई म्हणाली. "आन् आधी ते फूल नीट टेकवा. मघापून हातातच धरून उभे हायेत."

तेव्हा त्या सकाळी पहिल्यांदा सगळा प्लॉट हसला, शेठजींसकट. आणि हसणं विरतंय तोच ओळीच्या मधून एक बारीक, म्हातारा, किंचित फाटलेला आवाज वर आला. इचरजबाई फूल लावता लावता काहीतरी गुणगुणत होत्या. मारवाडी गाणं होतं, कुणाला कळलं नाही. शेठजी मात्र हातातलं काम थांबवून झाडांच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, आणि ते संपेपर्यंत तसेच उभे होते.

पाहुण्यांनी लावलेली बरीच फुलं गळून गेली. पहिल्या बारीला तसंच होतं. काही धरली. पिवळ्या दोऱ्याखाली शेंगा वाढल्या, वाळल्या, आणि बायांनी त्या हातानं उकलल्या. बी फार झालं नाही, पण दोन्ही तळहात जोडले तर भरतील इतकं झालं. ते दैवशालेनं पदराच्या गाठीत बांधून घरी नेलं. डबा होता, तरी गाठीतच.

पुढच्या पावसाळ्यात विहिरीच्या तुकड्यात ते पेरलं. पहिलं फूल उमलायचं होतं त्या सकाळी बाया टेकडी ओलांडून गेल्या. खोडाला आईच्या भेंडीसारखी काळसर झाक होती, पानांना प्लॉटच्या भेंडीसारखा पसारा होता. कळी दवानं भिजली होती. ऊन टेकडीवरून खाली आलं, आणि बायांच्या डोळ्यांदेखत ती सैल झाली, एक पाकळी सुटली, मग दुसरी, आणि फूल उघडलं.

दैवशाला त्याच्या समोर उभी होती. भोवती सगळ्यांची तोंडं होती, अगदी जवळ.

"काय गं," गोजरबाई हळू आवाजात म्हणाली, "आज रेडिओ बंद?"

"बघू दे, मावशी," दैवशाला म्हणाली.